ॲपवरचा किराणा: वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन कंपन्या आणि किराणा या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. हिशेबाच्या उदाहरणांतले भाव समजण्यापुरते धरले आहेत, आपापल्या गावचे भाव घालून तेच गणित करावे.

ॲमेझॉन ही मुळात पुस्तकं विकणारी कंपनी. तिला डाळ-तांदूळ आणि कोथिंबीर विकायची का पडली? यात एवढा नफा आहे का?
— निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

नफा फारसा नाहीच. किराण्यात सुटतं थोडं, पण गिऱ्हाईक वारंवार येतं. मोबाइल घेणारा माणूस वर्षा-दोन वर्षांनी फिरकतो. दूध-भाजी घेणारा रोज ॲप उघडतो आणि उघडल्यावर कधीतरी मिक्सरही घेऊन टाकतो. कंपन्यांना हवी असते ती ही रोजची सवय.

अमेरिकेत या धंद्यात पहिला मोठा हात पोळला तो वेबव्हॅन या कंपनीचा. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तिने गिऱ्हाइकाशी ठरलेल्या अर्ध्या तासाच्या वेळेत किराणा घरपोच द्यायला सुरुवात केली आणि धंदा जमण्याआधीच २६ अवाढव्य गोदामांसाठी सुमारे १ अब्ज डॉलरचा करार करून टाकला. गोदामं उभी राहू लागली, पण तेवढ्या ऑर्डरी आल्याच नाहीत. जुलै २००१ मध्ये कंपनी बुडाली. तिथले काही अधिकारी पुढे ॲमेझॉनच्या किराणा विभागात गेले. मिक माउंट्झ या आणखी एका अधिकाऱ्याने गोदामात फडताळं उचलून आणणारे यंत्रमानव बनवणारी किवा सिस्टिम्स ही कंपनी काढली, ती ॲमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. ॲमेझॉनची घरपोच किराणा सेवा ॲमेझॉन फ्रेश २००७ मध्ये सिॲटलमध्ये सुरू झाली आणि तिथून लॉस एंजेलिसला जायला तिने २०१३ उजाडू दिलं. घाई कशी महाग पडते हे वेबव्हॅनकडून आलेल्या मंडळींनी पाहिलेलं होतं.

पुढे २०१७ मध्ये ॲमेझॉनने १३.७ अब्ज डॉलर मोजून होल फूड्स ही दुकानांची साखळी घेतली. ऑनलाइन कंपनीला किराण्यासाठी वस्त्यांमधली दुकानंच विकत घ्यावी लागली, हे लक्षात घ्या. तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. रांगेत न थांबता माल उचलून बाहेर पडायचं तंत्र फ्रेशच्याच नावाने काढलेल्या अमेरिकेतल्या दुकानांतून काढून घेत असल्याचं कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनमधली फ्रेशची सगळी १९ दुकानं बंद करण्याची, त्यांतल्या काहींचं होल फूड्स करण्याची घोषणा झाली.

अडचण पैशांची नाही, मालाची आहे. पुस्तक एकटं जातं, कुठल्याही तापमानाला राहतं, महिनाभर पडून राहिलं तरी बिघडत नाही. किराण्याच्या एका ऑर्डरीत वीस-पंचवीस नग असतात. कोरडा माल, चार-पाच अंशांवरचं दूध-दही आणि उणे अठरा अंशांवरचे गोठवलेले मटार असे तीन प्रकार वेगळे ठेवायचे, हाताने गोळा करायचे आणि एकाच फेरीत पोचवायचे. फेरीचा खर्च दीडशेच्या ऑर्डरीला जेवढा, जवळपास तेवढाच दीड हजाराच्या ऑर्डरीला. त्यात भाजी-फळांची घट वेगळी.

भारतात खाद्यपदार्थांच्या किरकोळ विक्रीत, माल इथेच पिकलेला किंवा बनलेला असेल तर, १०० टक्के परकीय गुंतवणुकीला २०१६ मध्ये सरकारी मंजुरीच्या अटीवर वाट मिळाली. ॲमेझॉनला मंजुरी २०१७ मध्ये मिळाली आणि स्वतःचा खाद्यमाल विकण्याचा प्रयोग २०१८ च्या सुरुवातीला झाला तो आपल्या पुण्यात. फ्रेश २०१९ मध्ये बेंगळुरूत आलं. तोवर बिगबास्केट आणि ग्रोफर्स (आताचं ब्लिंकिट) मैदानात मुरले होते. दहा मिनिटांत सामान देण्याची शर्यत या देशी कंपन्यांनी लावली. फ्लिपकार्ट त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये उतरलं, आणि ॲमेझॉनची तशी सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या काही भागांत पोचली. वस्तीत दोन-तीन किलोमीटरांपुरतं छोटं गोदाम घ्यायचं, हीच यातली युक्ती. म्हणजे वाण्याचंच दुकान, फक्त गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही!

ॲपवर तेल, साबण, पीठ दुकानापेक्षा स्वस्त दिसतं, पण महिन्याचा खर्च कमी झाल्यासारखा वाटत नाही. चूक कुठे होते?
— गृहिणी, कोथरूड

बहुतेक वेळा तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण पाकिटाचं वजन. ठरावीक वजनांचीच पाकिटं काढण्याचं बंधन आता उठलं आहे, त्यामुळे जुन्या किलो-लिटरच्या शेजारी सारख्याच दिसणाऱ्या लहान पिशव्या आल्या आहेत. तेलात हे सर्वांत जास्त चालतं. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. समजा ९१० ग्रॅमची पिशवी १५५ रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमची १४८ ला. दुसरी सात रुपयांनी स्वस्त दिसते. किलोचा हिशेब केला तर पहिली सुमारे १७० रुपये किलो पडते आणि दुसरी १७४. पाकिटावर एमआरपीजवळ दर ग्रॅम किंवा दर किलोचा भाव छापलेला असतो, पण तो एमआरपीवरून काढलेला असतो, सवलतीच्या भावावरून नव्हे. म्हणून ॲपवरची किंमत भागिले वजन हे गणित स्वतःच करायचं.

दुसरं ठिकाण बिलाचा तळ. पोचवण्याचा आकार, हाताळणी शुल्क, लहान ऑर्डरीचं शुल्क, पावसाचं किंवा गर्दीच्या वेळेचं शुल्क. १८० रुपयांच्या सामानावर असे ४० रुपये लागले तर सामान २२ टक्क्यांनी महागलं. नगावर एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, पण हे आकार वेगळे लावले तर तो नियम मोडत नाही. पैसे भरण्याआधी बिल शेवटपर्यंत खाली सरकवून बघा. न मागता टोपलीत आलेली देणगी किंवा एखादी सभासदत्वाची वर्गणी सापडली तर ती काढून टाका. अशा घुसडण्याला केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांमध्ये गणलं आहे आणि तिची तक्रार करता येते.

तिसरं ठिकाण आपण स्वतः. मोफत पोचवण्याची रक्कम गाठायला शेवटी टाकलेलं चिवड्याचं पाकीट बचतीत धरता येत नाही. महिन्याचा कोरडा माल (तांदूळ, गहू, तेल, साबण) एकाच मोठ्या ऑर्डरीत किंवा घाऊक दुकानातून घ्यावा आणि मिनिटांत येणारी सेवा खऱ्या अडचणीला ठेवावी. आमच्या मते खर्च सर्वांत जास्त फुगतो तो रोजच्या दीड-दोनशेच्या ऑर्डरींनी.

मुदत संपत आलेलं पीठ आलं. ॲपवर तारीख दिसत नव्हती. दाद कुठे मागायची?
— नोकरदार वाचक, नाशिक रोड

उत्पादनाचा महिना-वर्ष पडद्यावर दाखवण्यातून वजनमापाच्या नियमांत सूट आहे, म्हणून तो बऱ्याचदा दिसत नाही. मात्र अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना सांगितलेलं आहे की पदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती पडेल तेव्हा त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी ३० टक्के, किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक हवेत. तीन महिने टिकणारं पीठ आठवडाभराची मुदत उरलेली असताना आलं असेल तर ते परत करा.

पिशवी फोडू नका. तारखेचा, बॅच क्रमांकाचा आणि बिलाचा फोटो एकाच वेळी काढा आणि ॲपच्या मदत विभागातून लगेच तक्रार टाका. पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये नकोत, ज्या खात्यातून गेले तिथेच हवेत, असं लिहा. तेवढ्याने भागलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. पुढची पायरी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

बुरशी, किडे, उघडं पाकीट असा प्रकार असेल तर तो नुसता पैशांचा प्रश्न राहत नाही. बिलावरचा १४ अंकी अन्न परवाना क्रमांक घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे जा. जून २०२५ मध्ये या खात्याने धारावीतल्या एका डार्क स्टोअरचा, म्हणजे ॲपवाल्यांच्या वस्तीतल्या छोट्या गोदामाचा, परवाना स्वच्छतेच्या आणि मुदतबाह्य मालाच्या कारणावरून निलंबित केला होता, त्यामुळे तक्रार वाया जाते असं समजू नका.

भाजी येते तेव्हा टवटवीत असते, दुसऱ्या दिवशी लोळागोळा. असं का?
— वाचक, ठाणे

भाजीचा प्रवास थंड-गरम-थंड असा झाला की असं होतं. शीतखोलीतून निघालेली पालक-कोथिंबीर गरम हवेत आली की पिशवीच्या आतून दव धरतं. ती ओली पिशवी तशीच फ्रिजमध्ये गेली की पानं काळी पडून सडतात. आल्याबरोबर पिशवी उघडा, जुडी सोडा, जुनी पानं काढा, पंख्याखाली पंधरा मिनिटं पसरा, मग सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवा.

सगळ्या भाज्यांना एकच थंडी मानवत नाही. पालेभाजीला शून्याच्या आसपास चालतं. भेंडी, वांगी, काकडी सात-दहा अंशांखाली बिघडतात, टोमॅटो दहा-बारा अंशांखाली पिठूळ होतो, केळं तेराच्या खाली काळवंडतं. लहान गोदामात बऱ्याचदा एकच थंड खोली असते आणि सगळा माल तिच्यातच ठेवला जातो. कांदे, बटाटे, गाजर, कोबी, लिंबं ॲपवरून बेधडक मागवा. मेथी, चवळी, अळू आणि पिकलेलं फळ शक्यतो समोर बघून घ्या. भाजी आल्यावर घरच्या काट्यावर एकदा तरी तोलून बघा. ॲपवर ‘९०० ग्रॅम ते १ किलो’ असं लिहिलेलं असेल तर भाव ९०० ग्रॅमचा धरायचा.

तालुक्याच्या गावी वडिलांपासूनचं किराणा दुकान आहे. ऑनलाइन कंपन्यांच्या गाड्या आता गावात येतात. मी काय करावं? स्वतः ऑनलाइन विकावं का?
— दुकानदार, सातारा जिल्हा

आधी कुठे लढायचं नाही ते ठरवा. मोठ्या ब्रँडचा साबण, डायपर, चहाची मोठी पाकिटं, महागडं तेल यांत कंपनी तुमच्या खरेदीभावाला विकू शकते. बंद पाकिटांवर तुम्हाला साधारण आठ-बारा टक्के सुटतात, त्यातून आणखी सवलत देऊन हाती काही उरत नाही. असा माल कमी ठेवा, पण काढून टाकू नका, नाहीतर गिऱ्हाईक बाकी यादीसकट जाईल.

तुमची कमाई आहे निवडलेल्या गव्हात, सुट्या डाळीत, मसाल्याच्या साहित्यात, भाजणीच्या मापात, पोहे-रव्याच्या ताज्या मालात आणि अर्थात उधारीच्या वहीत. उधारी हा खर्च आहे, उपकार नव्हे. म्हणून ती तीस दिवसांची, ठरावीक रकमेपर्यंत आणि पंचवीस-तीस भरवशाच्या घरांपुरती ठेवा. यादी व्हॉट्सॲपवर घ्या आणि पोचवायच्या दोन वेळा बांधून घ्या, सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा. दर ऑर्डरीला पोऱ्या पळवलात तर कंपनीचाच तोटा तुमच्या दुकानात येईल.

परदेशी भांडवलाच्या बाजारमंचाला, म्हणजे ज्या ॲपवर इतर विक्रेते माल विकतात त्याला, स्वतःचा साठा विकता येत नाही आणि स्वतःचं भांडवल असलेल्या विक्रेत्याचा मालही विकता येत नाही. वर सांगितलेली २०१६ ची खाद्यमालाची सवलत वेगळी. १ फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम आणखी कडक झाले. म्हणूनच या कंपन्या विक्रेते शोधत फिरतात आणि तुमच्याकडेही कुणीतरी येईल. ओएनडीसी या सरकारी पुढाकाराच्या खुल्या ऑनलाइन बाजारजाळ्यातूनही विकता येतं. कुठेही जा, सही करण्याआधी दलाली, पोचवण्याचा खर्च, परत आलेल्या मालाचा भार आणि पैसे किती दिवसांनी, हे चार आकडे लेखी घ्या.

कागदपत्रांत अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा उलाढालीनुसार परवाना हवाच. तुमची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त राज्यापुरतं, ऑनलाइन विकता येतं. त्यासाठी जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन देऊन एक क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणी असेल तर करपात्र विक्रीवर मंच ०.५ टक्के कर कापून घेतो, तो तुमच्या रोख खात्यात जमा होतो. आयकरापोटी ०.१ टक्के वेगळा. हे पैसे बुडत नाहीत, पण अडकतात.

बहुतेकांचा पाय घसरतो तो पाकिटांवर. तूरडाळीची अर्ध्या किलोची पाकिटं आधीच भरून ठेवली आणि ॲपवर टाकली, की तो सुटा माल राहत नाही. पाकिटावर भरणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, भरल्याचा महिना-वर्ष, एमआरपी, एककाचा भाव, तक्रारीचा फोन आणि अन्न परवाना क्रमांक लागतो. धान्य-डाळी-पिठाच्या अशा लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटांवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटीही बसला. ऑर्डर आल्यावर पोत्यातून तोलून दिलात तर ही सगळी कटकट टळते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षीची फेरपडताळणी झालेली असली पाहिजे आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं हवं.

सुरुवात शंभर-दीडशे नगांनी करा, हजार नगांनी नव्हे. काउंटरवर माल विकला जातो, ॲपवर तो ‘शिल्लक’ दिसतच राहतो आणि मग रद्द केलेल्या ऑर्डरींमुळे तुमचा क्रम खाली जातो. शेवटचे तीन नग उरले की तो माल ॲपवरून बंद करायचा, हा साधा नियम घालून घ्या. तीन महिन्यांनी हिशेब करा. दलाली, पॅकिंग, परतीचा माल वजा जाता शंभरामागे चार रुपयेही उरत नसतील तर मंच सोडा आणि व्हॉट्सॲपवरच थांबा.

कंपनीच्या संकलन केंद्रावर टोमॅटो द्यावा की मंडीत? भाव केंद्राचा जास्त वाटतो.
— शेतकरी, जुन्नर तालुका

फळं-भाजी २०१६ मध्ये राज्यात बाजार समितीच्या नियमनातून मोकळी झाली, त्यामुळे केंद्रावर विकायला हरकत नाही. पण भाव कॅरेटचा न बघता सगळ्या तोड्याचा बघा.

धरा, ५० कॅरेट माल आहे. केंद्राने ४०० रुपयांनी ३० घेतले, १२,००० झाले. उरलेले २० मंडीत गेले. वरचा माल निघून गेल्यामुळे त्यांना २२० मिळाले आणि गाडीभाडं-हमालीचे कॅरेटमागे २५ गेले, म्हणजे हाती ३,९००. एकूण १५,९००. सगळे ५० सरळ मंडीत ३४० ने गेले असते तर १७,००० मधून १,२५० जाऊन १५,७५० उरले असते. फरक दीडशे रुपयांचा! केंद्राने ३० ऐवजी २५ च घेतले तर एकूण १४,८७५ होतात, म्हणजे तुम्ही मंडीपेक्षा मागे.

म्हणून खेळ प्रतवारीचा आहे. आदल्या संध्याकाळी केंद्राकडून किती कॅरेट, कोणत्या आकाराचे, कोणत्या रंगाचे हवेत ते विचारा आणि तेवढेच तोडा. दव सुकल्यावर तोडा, कारण ओलं फळ केंद्रावर हमखास बाद होतं. उन्हात ठेवलेलं, देठाने टोचलेलं आणि तडा गेलेलं बांधावरच वेगळं काढा. बाद माल केंद्रावर कोण ठरवतं, तुमच्यासमोर ठरवतं का आणि परतीचा माल त्याच दिवशी मिळतो का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मंडीतल्या व्यापाऱ्याशी संबंध तोडू नका. भाव कोसळतात तेव्हा केंद्राची मागणीही आटते, आणि माल तर शेतात पिकलेला असतोच.

मी न्यू जर्सीत, आईवडील सांगलीत. इथून त्यांना किराणा पाठवताना ऑर्डर अडकते.
— वाचक, अमेरिका

तीन गोष्टी आधी करा. खातं वडिलांच्या भारतीय मोबाइल क्रमांकावर काढा, कारण ओटीपी आणि पोचवणाऱ्याचा फोन दोन्ही तिथेच गेले पाहिजेत. परदेशी कार्ड बऱ्याच ॲपवर चालत नाही, तुमच्या एनआरओ खात्याचं (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) कार्ड किंवा नेटबँकिंग जोडा. पत्त्यात नुसतं सोसायटीचं नाव नको, मजला, लिफ्ट आहे की नाही आणि ओळखीचं ठिकाण घाला, आणि नकाशावरची खूण वडिलांना घरात उभं राहून लावायला सांगा. अमेरिकेतून लावलेली खूण कधीकधी दोन गल्ल्या सोडून पडते.

दहा किलोची तांदळाची पिशवी मागवू नका, पाच-पाचच्या दोन मागवा. पोचवणारा दारातच ठेवून जातो आणि उचलायची असते सत्तरीतल्या माणसाला.